जुलैतलं ऊन

"हळू कर. पुढे रस्ता एकदम वळतो. दुसरा गियर टाक."

"आई, या गाडीला गियर टाकावा लागत नाही," कॉरिन म्हणाली. तरी तिने ब्रेकवर पाय ठेवला. वळण खरंच आलं, अगदी कोपरासारखं. "बाबाचं पुस्तक तोंडपाठ दिसतंय तुला."

चौऱ्याऐंशी वर्षांची तिची आई, ओपल, आल्याची गोळी चघळत बसली होती. गाडी लागते म्हणून कधी कुठल्या सहलीला आली नव्हती. आज मात्र सांता रोझाहून निघताना न बोलावता पुढच्या सीटवर येऊन बसली.

डावीकडे समुद्र असायला हवा होता. होतं ते नुसतं धुकं.

वेंडेलने, म्हणजे कॉरिनच्या बापाने, जन्मात एकच पुस्तक लिहिलं. या किनाऱ्याने रेडवुडच्या जंगलापर्यंत त्याने एका उन्हाळ्यात एकट्याने केलेला प्रवास. लोकांनी पुस्तक डोक्यावर घेतलं. त्या उन्हाळ्यात कॉरिन नऊ वर्षांची होती. बाप तीन महिने गायब, आणि तिच्या वाट्याला नऊ पोस्टकार्डं. प्रत्येक कार्डावरचा शिक्का वाचून ती भिंतीवरच्या नकाशात टाचणी लावायची आणि मग रडायची. मला का नाही नेलं?

गेल्या वर्षी वेंडेल गेला. आता नवी आवृत्ती निघणार होती. प्रस्तावना मुलीने लिहावी, अशी प्रकाशकाची इच्छा. कॉरिन एका पायावर तयार झाली. बापाचं पितळ उघडं पाडायची अशी संधी पुन्हा कुठे मिळणार?

एल्क गावात तिने गाडी थांबवली आणि मोठ्याने वाचलं, "'पाणी निळंशार, क्षितिजापर्यंत एक ढग नाही.' जुलैत! इथलं शेंबडं पोरही सांगेल, जुलैत या किनाऱ्यावर धुक्यात स्वतःची गाय स्वतःला दिसत नाही." लाल पेन्सिलीने तिने ओळीखाली रेघ ओढली. "अकरावी थाप."

"मोजतेयस होय गं?"

"तीस वर्षं पेपर तपासलेत. हाताला सवय आहे."

वेस्टपोर्टच्या दुकानापाशी ओपल उतरली आणि पायरीजवळ काहीतरी शोधत राहिली. "टपालपेटी हलवली वाटतं."

"पन्नास वर्षांनी सगळं जागच्या जागी कसं राहील?" कॉरिन म्हणाली आणि कॉफी आणायला आत गेली.

मग रस्ता समुद्र सोडून डोंगरात शिरला आणि झाडं आली. मान मोडेपर्यंत वर बघितलं तरी शेंडा दिसेना. धुकं पानांवरून टपटप खाली गळत होतं. पुस्तकातलं शेवटचं झाड सापडलं. जुन्या वणव्याने बुंध्यात केलेली पोकळी, आत तीन माणसं सहज बसतील एवढी. ओपल काठी टेकत सरळ आत गेली आणि घरच्यासारखी बसली.

कॉरिनने शेवटचं पान काढलं. "'उन्हाची तिरीप पोकळीत उतरली आणि वाटलं, मी मोकळा झालो.' मोकळा! बायको आणि पोरीपासून!" टपकन एक थेंब पानावर पडला. "ऐक, पहिलं वाक्य ठरलंय माझं. माझा बाप आम्हाला टाकून इथे मजा मारायला आला, आणि जे पाहिलं तेही त्याने धड सांगितलं नाही."

"चुकतंय," ओपल शांतपणे म्हणाली. "तो इथे आलाच नव्हता."

कॉरिनची पेन्सिल थांबली.

"डोंगरापलीकडच्या इस्पितळात होता. जिवाचं बरंवाईट करायला निघाला होता, म्हणून ठेवला होता तिथे. त्या खोलीची खिडकी उघडत नव्हती. मी चित्रांची कार्डं नेऊन द्यायचे. मागे तुला चार ओळी लिहायचा, आणि मग चित्राकडे बघत बघत वहीत हा प्रवास. आता तूच सांग पोरी, धुक्याचं कार्ड कोण छापतं?"

"मला का नाही सांगितलंस?"

"त्याने शब्द घेतला होता. तुझा राग त्याला चालायचा. कीव चालली नसती."

कॉरिनने मान हलवली. शाळेतली बाई अजून हार मानायला तयार नव्हती. "शक्यच नाही. शिक्के होते कार्डांवर. एल्क, वेस्टपोर्ट, सगळ्या नऊ गावांचे. टाचण्या लावल्यात मी, आई!"

"मग? शिक्का हवा तर कुणीतरी त्या गावाला जायला नको?" ओपलने बुंध्याच्या काळ्या भिंतीवरून हात फिरवला. "नऊ गुरुवार, नऊ गावं. शेजारच्यांचा ट्रक होता, गियरचा. मला गाडी लागते ना, ती या रस्त्यापासून."

तिने पिशवीतून एक गोळी काढून लेकीच्या हातावर ठेवली.

"आत्ताच तोंडात टाक. परतताना वळणं जास्त लागतात."