सिरिलची बशी

युद्धात बॉम्बफेकीहून विमानतळावर परतणाऱ्या पोरांना एनिड तळलेली अंडी वाढायची. "परतला नाहीस तर तुझं अंडं माझं हं!" अशी त्यांची आपसात थट्टा चाले. एका रात्री गेलेलं विमान आलंच नाही. सात जण होते, त्यांत एनिडचा सिरिल.

तेव्हापासून दर वर्षी त्या तारखेला ती तळलेल्या अंड्यांच्या सात बश्या मांडते. चहा गाळून वळावं, तर सहा बश्या चाटूनपुसून लख्ख. सिरिलची तेवढी भरलेली.

"मांजर खातं गं बाई," धाकटी बहीण मेव्हिस म्हणायची.

"सहा खाऊन सातवं सोडतं होय? गेलेले येऊन खातात. सिरिल जिवंत आहे. येईल." त्याच भरवशावर एनिड बिनलग्नाची राहिली.

यंदाही सहा बश्या रिकाम्या झाल्या. एनिड समाधानानं सातवीकडे वळली.

अख्खा बलक, कुणी काटा टोचावा तसा, तिच्या देखत फुटला.