खुणेची ताटली

हळदीकुंकवासाठी सुलभाबाईंनी सीताबर्डीवरून स्वस्तातल्या प्लास्टिकच्या ताटल्या आणल्या आणि घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, धुणीभांडी करणाऱ्या पंचफुलाची ताटली अगदी तशीच आहे. तीही पांढरीच. मोरीच्या खिडकीत वेगळी ठेवलेली.

"तुझ्या ताटलीवर खूण करून ठेव वं," त्यांनी लेकीचा हिरवा मार्कर पुढे केला. "आमच्यात मिसळायला नको."

पंचफुलाने मोरीपाशी बसकण मारली. ताटलीच्या काठाने संत्र्याची पानं काढली, पानांच्या आड पोपट बसवले. धुऊन पाहिलं. रंग गेला नाही.

दुसऱ्या दिवशी सुलभाबाईंची मीनू अडून बसली. "मी पोपटाच्याच ताटलीत जेवीन!"

"ती आपली नाही," सुलभाबाई म्हणाल्या. मीनूने भोकाड पसरलं. शेवटी त्यांनी नव्या ताटल्यांची चळत पंचफुलापुढे ठेवली. "या सगळ्यांवर असंच काढून दे. बायकाही पाहत राहतील."

पंचफुला दुपारभर बसली. ताटल्या रंगवल्या, धुतल्या, पुसल्या, एकावर एक रचल्या. सुलभाबाई खूश होऊन एकेक उचलून पाहू लागल्या. तीच पानं, तेच पोपट. मग त्यांची नजर मोरीच्या खिडकीकडे गेली. खिडकी रिकामी होती.

"अवं, यात तुझी कोणती?"

पंचफुलाने पदराला हात पुसले.

"मी बी तेच पाहून राहिली, बाई. द्या कोणतीबी. मले भूक लागली."