राखीव जागेतली रांगोळी

सोमवारी महाविद्यालयाचा वाहनतळ गच्च भरला होता. रिकामी होती ती फक्त दिव्यांगांसाठी राखीव जागा.

एरवी पाटी असूनही तीच आधी भरे. मग मृदुला दाबकेबाईंना गाडीतून चाकांची खुर्ची बाहेर काढता येत नसे आणि रसायनशास्त्राचा पहिला तास बुडे. आज त्या आनंदाने वळल्या आणि जागेच्या तोंडाशीच थबकल्या. जमिनीवर सुबक रांगोळी होती.

"घाला की गाडी आत!" चित्रकलेच्या नलिनीताई लांबूनच ओरडल्या. "ऑइलपेंट आहे, पुसायची नाही."

"अहो, पण रांगोळीवर चाक कसं घालू?"

"तुमच्याच स्वागताची आहे, बाई!"

हातानेच दाबायच्या ब्रेकच्या दांडीवर आवळलेल्या आपल्या हाताकडे बाईंनी पाहिले आणि खळखळून हसत गाडी आत घेतली. जागा रिकामी राहिल्याचे कारण सापडले होते: पाटी न जुमानणारी माणसेही रांगोळीवर चाक घालत नाहीत.