मधल्या सुट्टीतला उतार

टेबल दारातून आडवं निघेना. शिपाईदादांनी ते उभं केलं, तसे खणातले रंगीत खडू घरंगळत गणिताच्या बाईंच्या पायाशी आले. बाईंनी पाय वर घेतले, पण वाकल्या नाहीत. वह्या तपासायचं सोंग त्या चांगलं वठवत होत्या. फक्त एकाच वहीवर तीनदा सही झाली होती.

"चालले गं मी वरती," पृथ्वीचा गोल काखेत मारून भूगोलाच्या बाई म्हणाल्या. "प्रयोगशाळेच्या शेजारी टाकलंय मला. आता टोमणे कुणाला मारशील?"

"वर हवा चांगली लागेल तुम्हाला," गणिताच्या बाई म्हणाल्या.

अकरा वर्षं दोघी समोरासमोर बसत होत्या. भूगोलाच्या बाई दुसऱ्याच महिन्यात 'अगं'वर आल्या, गणिताच्या बाई अजून 'तुम्ही'वरच अडून होत्या. आणि हे टेबल कुणामुळे हललं, ते शिक्षकांच्या त्या खोलीत फक्त गणिताच्या बाईंनाच ठाऊक होतं.

आठवड्यापूर्वी मानसशास्त्राची एक तरुण संशोधक शाळेत आली होती. शिक्षकांवरचा ताण तिला मोजायचा होता. तिने सगळ्यांच्या मनगटावर एकेक पट्टी बांधली. पट्टीवर हृदयाच्या ठोक्यांचा आकडा दिसायचा. झालं, गणिताच्या बाईंचा जीव टांगणीला लागला. परीक्षेत शेजारच्याच्या कागदात डोकावणाऱ्याला त्या सरळ शून्य द्यायच्या. आता स्वतःच दिवसभर समोरच्या मनगटात डोकावू लागल्या. तिकडे अडुसष्ट. इकडे एक्क्याण्णव. निकालपत्रकं पुन्हा लिहायला लागली, तरी तिकडे सत्तर. एक पालक भांडायला आले, तर तिकडे जेमतेम बाहत्तर, आणि वर ते पालकच हसत हसत बाहेर पडले.

दुखणं तसं जुनंच होतं. मुलं भूगोलाच्या बाईंच्या मागे मागे फिरायची आणि गणिताच्या बाई दिसल्या की पांगायची. खिडकी त्यांना, उजेड त्यांना, हेडबाईंचं "बसा ना जरा" तेही त्यांनाच. पण इतकी वर्षं हा नुसता संशय होता. आता आकडा हातात आला. आकड्याशी वाद घालणं गणिताच्या बाईंच्या स्वभावात नव्हतं.

त्या आठवड्याच्या शेवटी संशोधकबाईंनी प्रत्येकाला एक चिठ्ठी दिली. 'शाळेतली कोणती एक गोष्ट बदलली, तर तुमचा ताण उतरेल?' पाकिटं फक्त हेडबाई उघडणार, जमेल तो बदल मुकाट्याने करणार, आणि मग पट्ट्यांवर काय फरक पडतो ते बघायचं, असा बेत होता. बाकीचे पेन चावत बसले. गणिताच्या बाईंनी एका दमात लिहिलं, 'माझ्या समोरचं टेबल हलवा. कुठेही.'

सोमवारी ते हललं.

मंगळवारी त्यांनी आपलं टेबल खिडकीशी ओढलं. मधल्या सुट्टीत उजेडात बसून डबा उघडला. "पुन्हा तेच?" असं विचारायला कुणी नव्हतं. आपला घास आपल्यालाच ऐकू येत होता. बुधवारीही तेच. गुरुवारी डबा अर्धा परत गेला. शुक्रवारी त्या वह्याच तपासत बसल्या.

शनिवारी संशोधकबाई प्रत्येकाला एकेकटं बोलावून आलेख दाखवत होत्या.

"हा तुमचा पहिला आठवडा," त्या म्हणाल्या. रेघ सकाळपासून चढलेली होती ती चढलेलीच. फक्त रोज एका जागी ती धपकन खाली आली होती. "मधली सुट्टी. वीस मिनिटं. बाई, अख्ख्या शाळेत इतका सुंदर उतार कुणाचाच नाही. अडुसष्ट."

"शक्यच नाही. तेव्हा तर मी भांडत असते, पट्टीकडे बघायलाही फुरसत नसते."

"आणि हा दुसरा." रेघ सपाट होती, वरच्या वर. मधल्या सुट्टीतही. "मला अहवालात लिहायचंय म्हणून विचारते. त्या वीस मिनिटांत तुम्ही जे काही करत होता, ते का बंद केलंत?"

गणिताच्या बाईंनी आलेख हातात घेतला. उलटा धरून पाहिला, सुलटा पाहिला. मग डबा उचलला आणि जिना चढल्या.

भूगोलाच्या बाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. जुनी कपाटं, मोडके तराजू, आणि मध्ये ते टेबल. डबा तसाच बंद. पावलं ऐकून त्या वळल्या आणि गडबडीने उठल्या.

"तू रागावली असशील ना? चूक माझीच आहे गं. चिठ्ठीत मी लिहिलं होतं, आमची दोन्ही टेबलं खिडकीला शेजारी शेजारी लावा. तुझ्या टेबलावर अंधार, दुपारी डोकं दुखतं तुझं. पण लिहिण्यात काहीतरी गफलत झाली बघ. हेडबाईंनी मलाच उचलून इथे टाकलं."

गणिताच्या बाईंनी त्या बंद डब्याकडे पाहिलं. म्हणजे इथेही हीच पुढे. एकच ओळ लिहायची होती, त्यातही हिचीच चांगली.

"तू काय लिहिलं होतंस?" भूगोलाच्या बाईंनी विचारलं.

गणिताच्या बाईंनी डबा टेबलावर ठेवला आणि टेबलाची एक कड दोन्ही हातांनी धरली.

"तेच," त्या म्हणाल्या. "दोन्ही टेबलं शेजारी शेजारी लावा. आता उचल तिकडून."

आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी शेजारणीचं उत्तर उतरवलं होतं, अगदी शब्दाला शब्द.