लयच बेस

"कसं वाटतंय?" तबल्याची रेकॉर्ड लावून मी सासऱ्यांना विचारलं. नव्या स्पीकरचा बेस, म्हणजे पोटात घुमणारा तो खालचा आवाज, महिनाभर खोलीत गुरगुरत होता. रविवारपर्यंत तो आटोक्यात आला नाही तर स्पीकर माळ्यावर जाईल, असं बायकोने बजावलं होतं. आज रविवार होता. सकाळीच मी स्पीकर कोपऱ्यातून बाहेर ओढला होता, आणि अकोटहून आलेल्या सासऱ्यांचे कान ताजे होते.

ते डोळे मिटून म्हणाले, "बेस हाये."

अजूनही? मी खिडकीला जाड पडदा लावला. "आता?"

"आता तं लयच बेस हाये, जावईबापू."

मग मी हट्टाला पेटलो. घरातल्या सगळ्या गाद्या कोपऱ्यांत उभ्या केल्या, फटींत उशा कोंबल्या, शेवटी स्पीकरलाच रजई गुंडाळली. तबला उकडलेल्या बटाट्यावर वाजवल्यासारखा ऐकू येऊ लागला. सासऱ्यांनी डोळे उघडले. जावयाला नावं ठेवणं त्यांच्या जिवावर आलं होतं.

"राग नका मानू," ते हळूच म्हणाले, "पण आता काईच बेस नाई राह्यलं."

मी स्वयंपाकघरात धावलो. "ऐकलंस? बेस गेला. बाबांनी स्वतः सांगितलं."

बायकोचं लाटणं थांबलं. "बाबांच्या बोलीत बेस म्हणजे चांगलं. बारा वर्षं झाली आपल्या लग्नाला."

मी मुकाट्याने गाद्या हलवल्या, रजई सोडली, रेकॉर्ड पुन्हा लावली. "आता कसं वाटतंय?"

सासरे तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

"बास."