जानेवारीच्या पानावर भाऊसाहेब

“ताई, हा कुत्रा आहे की पायपुसणं?” प्रेसमधल्या ऑपरेटरने विचारलं आणि फोटो पडद्यावर मोठा केला. भाऊसाहेबांचे डोळे, नाक, मिशा, सगळं चौकोन चौकोन होऊन गेलं.

ताईंना हसायचंही त्राण नव्हतं. सकाळपासून त्या त्याच खुर्चीत बसून होत्या. टाकून दिलेल्या जनावरांसाठी त्यांनी गावाबाहेर निवारा काढला होता. दरवर्षी त्याचं कॅलेंडर निघायचं आणि ते पाहून थोड्याफार जनावरांना घर मिळायचं. बाकीची पानं एव्हाना लागली होती. अडलं होतं ते जानेवारीचं.

भाऊसाहेब म्हणजे निवाऱ्यातला सगळ्यात म्हातारा कुत्रा. कोणी आलं की तो उठून उभा राहायचा, लगट करायचा नाही, मान दिल्यासारखं करून पुन्हा बसायचा. म्हणून हे नाव. एवढ्या वर्षांत त्याला कोणी नेलं नव्हतं. आता तर मागचे पाय लटपटायला लागले होते. मरायचंच आहे तर निदान कोणाच्या तरी घरात मरू दे बिचाऱ्याला, एवढंच ताईंचं म्हणणं होतं. म्हणून त्याला पहिलं पान.

“मूळ फोटो द्या ना,” ऑपरेटर म्हणाला. “हा फॉरवर्ड होऊन होऊन आलाय. नुसता चोथा उरलाय. एवढ्या मोठ्या पानावर फुगवला तर फाटणारच.”

फोटो ताईंच्या धाकट्या जावेने काढला होता. ताईंनी तिला फोन लावला.

“अहो ताई, मूळचा मी कधीच उडवला. मोबाइल भरला होता. आणि ग्रुपवर टाकला होता की सगळ्यांना!”

सगळ्यांकडे होता खरा, पण सगळ्यांकडे तोच चोथा होता. मग निवाऱ्यात जाऊन आजच्या आज नवा काढ, असं ताईंनी तिला सांगितलं. दुपारपर्यंत तिच्याकडून आल्या त्या शेपट्या. मोबाइल समोर धरला की भाऊसाहेब खाटेखाली शिरत होते, आणि बाहेर राहायची ती शेपटी.

“संध्याकाळी छपाईच्या प्लेटा काढायच्यात,” ऑपरेटर डोळे चोळत म्हणाला. त्याचाही जीव मेटाकुटीला आला होता. “नाहीतर मांजर टाकतो तिथे. मांजरं ढीगभर आहेत.”

“मांजर नको.”

ताईंनी पर्स धुंडाळून एक जुना पेन ड्राइव्ह काढला. निवारा सुरू झाला तेव्हा एक खरा फोटोग्राफर मोठा कॅमेरा घेऊन आला होता. भाऊसाहेब तेव्हा नुकतेच आले होते, आणि खाटेखाली शिरायची अक्कल अजून यायची होती. फाइल उघडली आणि ऑपरेटर खुर्चीत ताठ बसला. काळंभोर तोंड, उभे कान, मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा.

“अहो, हा होता तर सकाळपासून मला का छळलंत?”

“तो आता असा नाही राहिला. पांढरा झालाय सगळा. लोकांना खोटं सांगितल्यासारखं होईल.”

“ताई, हे कॅलेंडर आहे, पासपोर्ट नाही. टाकू का मांजर?”

ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. भांडायची ताकद संपली होती. “टाका हाच,” त्या म्हणाल्या.

कॅलेंडर छान निघालं. पहिल्याच आठवड्यात फोन सुरू झाले, आणि सगळ्यांना हवा होता तो जानेवारीचा कुत्रा. एक जोडपं थेट गाडी घेऊन आलं. भाऊसाहेब सवयीप्रमाणे उठून उभे राहिले. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. “ही तर शुद्ध फसवणूक आहे,” तो म्हणाला, आणि दोघं एक पिल्लू घेऊन गेले. पुढच्या रविवारी आणखी एक कुटुंब आलं. तेच झालं. दर वेळी भाऊसाहेब उठायचे, उभे राहायचे, आणि कोणी थांबत नाही असं पाहून बसायचे. आता उठायला त्यांना खूप वेळ लागायचा. ताईंना स्वतःचीच लाज वाटायला लागली. त्या फोनवर आधीच सांगून टाकू लागल्या, फोटो जुना आहे म्हणून. पलीकडून फोन खाली ठेवला जायचा. शेवटी त्यांनी महिना संपायच्या आधीच ऑफिसातलं पान उलटून फेब्रुवारी करून टाकला.

महिनाअखेरीला एक वयस्कर गृहस्थ दारात उभे राहिले. लांबून आल्यासारखे दिसत होते. हातात जानेवारीचं पान होतं, दवाखान्याच्या भिंतीवरून काढून आणलेलं.

“हा इथेच आहे ना?” त्यांनी विचारलं.

ताईंनी त्यांना आत या म्हटलं नाही. उंबऱ्यात आडव्या उभ्या राहूनच बोलल्या, “आधीच सांगते, काका. हा फोटो फार जुना आहे. आता त्याचे डोळे पांढरे पडलेत. ऐकू येत नाही. मागचे पाय ओढत चालतो. फार दिवसांचा सोबती नाही तो. परत जायचं असेल तर इथूनच जा. त्याला बघून मागे फिरू नका, एवढं करा माझ्यासाठी. रोज उठून उभा राहतो हो तो, आणि लोक निघून जातात.”

गृहस्थांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा खिशातून रुमाल काढून त्यांनी तोंड पुसलं.

“फोटो जुना आहे हे ठाऊक आहे मला, ताई,” ते म्हणाले. “हरवला तेव्हा अस्साच दिसायचा तो.”