उपरण्याखाली

दोन गर्भ चांगले निघाले, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा धनश्रीनं टेबलाची कड घट्ट धरली. थॅलेसेमिया नसलेले दोन. तिची पहिली लेक संस्कृती याच दुखण्यानं गेली होती, सतत रक्त चढवून चढवून, शाळेचं तोंडही न बघता. दोष नवरा-बायको दोघांच्याही रक्तात होता. म्हणून तर हे सगळं मांडलं होतं: पोटात सुया, बाटलीत गर्भ, मग त्यांची तपासणी. पुन्हा तसलं मरण मांडीवर घ्यायला लागू नये, एवढंच तिचं मागणं होतं आणि ते आज पुरं होत होतं.

"यातला एक आज आत सोडू," डॉक्टर म्हणाले. "दोन्ही सारखेच निरोगी आहेत."

तिचा नवरा अजिनाथ हसला. सासरा हसला नाही. सहादेव घोडेगावच्या बाजारात गाई-बैलांची दलाली करणारा माणूस. दोन नग सारखे असतात हे त्यानं जन्मात कबूल केलं नव्हतं. यातला मुलगा कंचा, असं त्यानं सरळ विचारलं. डॉक्टरांनी मागच्या भिंतीवरची पाटी दाखवली. गर्भाचं लिंग सांगणं गुन्हा आहे.

मग या माणसानं काय करावं? खांद्यावरचं उपरणं काढलं आणि टेबलावरच्या डॉक्टरांच्या हातावर टाकलं. बाजारात भाव असाच ठरतो. वर कापड, खाली बोटं, भोवती माणसं उभी असली तरी कुणाला पत्ता लागत नाही. एक बोट दाबलं तर पहिला, दोन दाबली तर दुसरा, असं सांगून त्यानं आपला हात आत घातला.

शिकलासवरलेला माणूस, भिंतीवर पदव्या टांगलेला. झटकन हात काढून घेईल, असं धनश्रीला वाटलं. कसला काढतोय! त्याला उलट गंमत वाटली. उपरणं जरासं हललं, खाली काहीतरी वळवळल्यासारखं.

"मी काही बोललो नाही हं," डॉक्टर म्हणाला.

"न्हाईच बोलले," सहादेव म्हणाला. त्याचं तोंड खुललं होतं. "दोन नंबरचा सोडा."

म्हणजे एक नंबरची मुलगी. निरोगी, धडधाकट, आणि नको झालेली. धनश्रीनं नवऱ्याकडं बघितलं. अजिनाथ खाली मान घालून बसला होता, पण गालात हसू होतंच. किळस आली तिला त्या हसण्याची. आता तिनं एक म्हटलं काय आणि दोन म्हटलं काय, ठरलेल्या सौद्यावरच बोलल्यासारखं होणार होतं. घटकेपूर्वी तिची दोन लेकरं होती. उपरण्याखालच्या दोन हातांनी त्यांना दावणीला बांधलं.

नर्सनं दार उघडून तिला आत बोलावलं. सगळी तयारी झाली होती.

"आज न्हाई," धनश्री म्हणाली.

ती उठली आणि तिनं उपरणं ओढून काढलं. दोघांचे हात अजून एकमेकांत होते. डॉक्टरनं आपला हात चटका बसल्यासारखा मागं घेतला. सहादेव चिडून काही बोलणार, तेवढ्यात ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "दात बघायचे ऱ्हायले."

आणि खाली वाकून तिनं त्याच्यापुढं आ केला.

अजिनाथ खुर्चीतून अर्धा उठला, पण पुढं आला नाही. बाजारात जनावराचं वय खालच्या दातांवरून ओळखतात. सहादेवानं मान फिरवली खरी; पण त्याआधी, जन्माच्या सवयीनं, त्याची नजर सुनेच्या खालच्या दातांवर जाऊन आली होती.